घरच्या घरी इंजिन बदलणे : एक अनुभव व काही सूचना

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात नरखेड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. विद्याप्रसार, विवाहातील अनाठायी खर्च, तरुणांची व्यसने या विषयांवर अधिकारी वक्ते आपणांस दर वर्षी सांगतच असतात. आम्ही पडलो प्राथमिक शाळेतील मास्तर. १९७५ साली मॅट्रिक झालो, १९७८ पासून २०१६ पर्यंत खेड्यापाड्यांतील शाळांतून फळा-खडू केला आणि उरला वेळ घरच्या संत्र्याच्या बागेत घालविला. म्हणून जे डोळ्यांनी पाहिले व ज्याची किंमत घराने मोजली, त्याच एका गोष्टीविषयी बोलावे असे ठरविले. ती गोष्ट म्हणजे विहिरीवरील जुने इंजिन काढून घरच्या घरी नवे बसविणे. विषय ऐकून काही मंडळी हसतील, हे आम्ही जाणून आहो. तथापि शेवटपर्यंत ऐकावे, एवढी विनंती आहे.

प्रथम हे यंत्र आपल्या बांधावर आले कसे, ते थोडक्यात सांगतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन यंत्रज्ञाने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी रीतीने चालवून दाखविले. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच जातीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते, ही गोष्ट शेतकऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स या कारखान्याची स्थापना झाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे नावही जुन्या शेतकऱ्यांच्या ओठी असे. पुढे गावोगाव मोटेची धाव ओस पडली आणि तिच्या जागी इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. नरखेड, काटोल, वरुड या पट्ट्यांत संत्र्याच्या बागा वाढल्या, त्यात या ठोक्याचा वाटा फार मोठा आहे.

आमच्या वडिलांनी १९६९ साली कर्ज काढून सहा अश्वशक्तीचे एक धिमे इंजिन घेतले. दोन मोठी जड चाके असलेले ते यंत्र मिनिटास ६५० फेरे घेई. प्रारंभी ते विहिरीच्या काठावर होते. १९७२-७३ च्या दुष्काळात पाणी खाली गेले आणि काठावरचा पंप पाणी उचलीना. याचे कारण आपण शाळेत शिकतो, पण विसरतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीवर फार तर १०.३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फूट, पाणी चढवू शकतो. प्रत्यक्षात पाईपातील घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा आणि गळका फूटव्हॉल्व्ह (ज्यास पुष्कळ लोक ‘फुटबॉल’ म्हणतात) यांमुळे वीस-बावीस फुटांपलीकडे भरवसा धरता येत नाही. म्हणून वडिलांनी विहिरीच्या आत अठरा फुटांवर दगडी ओटा बांधून इंजिन व पंप दोन्ही खाली उतरविले. धूर वर काढण्यासाठी काठापर्यंत लोखंडी पाईप बसविला. त्या काळी आपल्या भागातील पुष्कळ विहिरींत अशी व्यवस्था होती.

१९८७ सालच्या मे महिन्यात त्या इंजिनाने हात टेकले. निळा धूर सुटू लागला, म्हणजे इंजिन ऑईल जाळू लागले. रिंगा, लायनर, बेअरिंगे सर्वच झिजले होते आणि दुरुस्तीचा खर्च नव्या इंजिनाच्या किमतीच्या जवळपास जात होता. त्या वर्षी अंबिया बहार सुरेख धरला होता. मे महिन्यात अंबियाच्या झाडास पाणी कमी पडले तर बोराएवढाली फळे रात्रीतून गळतात, आणि सकाळी बागेत पाऊल टाकणे जिवावर येते, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी अनुभविले आहे. लग्नसराईचे दिवस असल्याने मिस्त्री आठ दिवस मिळणार नव्हता. आमचे थोरले बंधू म्हणाले, “इंजिन आपणच बदलू. चार बोल्ट सोडायचे आणि चार आवळायचे.” शाळेला सुट्टी होती. आम्हीही होकार दिला.

नवे इंजिन पाच अश्वशक्तीचे, जलद जातीचे, मिनिटास १५०० फेरे घेणारे होते. जुने साडेतीन क्विंटलांच्या घरातले. नवे सव्वा क्विंटलाच्या आसपासचे. स्वस्त, आटोपशीर आणि उचलण्यास सोपे म्हणून ते आम्हांस फार आवडले. तीन सागवानी बल्ल्यांचे तिकाटणे उभे करून चेनपुलीने जुने इंजिन वर घेतले व नवे खाली सोडले. हे काम आम्ही निर्दोष केले, असे आजही म्हणू शकतो. भार अधांतरी असताना खाली कोणासही उभे राहू दिले नाही. नव्या इंजिनाच्या पायांची भोके जुन्या बोल्टांशी जुळत नव्हती. सिमेंटचे नवे काम करून ते मुरविण्यास अवधी नव्हता, म्हणून लोहाराकडून लोखंडी चॅनेलला भोके पाडून आणली व ती जुन्या बोल्टांवर घट्ट केली. पाणसळ लावून इंजिन समपातळीत आणले.

मग पुलीचा प्रश्न आला. जुन्या इंजिनावर चौदा इंची पुली होती आणि पंपावर सहा इंची. जुन्या पुलीचे भोक नव्या दांड्यास मोठे पडत होते. आम्ही ती पुली वरुडास नेऊन लेथवाल्याकडून आत बुश बसवून आणली. एक दिवस व काही रुपये खर्ची पडले, पण नवी पुली घेण्याचे पैसे वाचले, याचे आम्हांस समाधान वाटले. त्या वेळी आमच्या येथे जो सालदार होता, तो पुलीकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “हे इंजिन लई जोरात फिरते म्हणता, मंग चाक थेच कसं चालन, गुरुजी?”

समाजबंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर आम्ही दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवीत होतो. व्यस्त त्रैराशिकाचे ते अगदी पहिल्या धड्यातील उदाहरण आहे. मोठे चाक एक फेरा घेते तेव्हा पट्ट्याने जोडलेले लहान चाक किती फेरे घेईल, हे आमचे विद्यार्थी तोंडी सांगत. परंतु शाळेतील गणित विहिरीवर आणावे, हे आम्हांस सुचले नाही. आम्ही सालदारास म्हणालो, “तू पट्टा धर, हिशेब आम्हांस कळतो.” हे वाक्य आठवले की आजही मान खाली जाते.

दुसरी चूक धुराच्या पाईपाची. जुन्या पाईपाचे आटे नव्या इंजिनास बसत नव्हते. बंधू म्हणाले, “पाच मिनिटे चालवून पाहू, पाणी पडले म्हणजे उद्या पाईप जोडून आणू.” म्हणून इंजिनाबरोबर आलेला आखूड सायलेन्सर तेवढा लावला. धूर विहिरीतच सुटणार होता. पण पाच मिनिटांत काय होते, असा सर्वांचा विचार पडला. एकट्या वहिनीस तो पटला नाही. “खाली उतरायचे तर कमरेस दोर बांधून उतरा, नाही तर उतरू नका,” असा त्यांनी हट्ट धरला. आम्ही पुरुषांनी थट्टा केली. बंधूंनी त्यांचे मन राखण्यापुरता दोर बांधला.

सायंकाळचा समय होता, वारा पडलेला. डिझेलचा डबा काठावर खुंटीस टांगून नळी खाली सोडली होती आणि तोटीपाशी आम्ही बसलो होतो. बंधूंनी हँडल मारले, इंजिन सुरू झाले, पट्टा चढला. आणि लागलीच यंत्र कण्हल्यासारखे करू लागले. काळाभोर धूर उसळला. सालदार ओरडला, “गुरुजी, पट्टा जळून राहिला!” बंधूंनी खालून हाताने थांबण्याची खूण केली व ते पट्ट्याकडे वाकले. मग ते ओट्यावर बसले. आम्हांस वाटले, काही पाहण्यासाठी बसले असावेत. हाक मारली, उत्तर आले नाही. सालदार पायऱ्यांकडे धावला, पण वहिनी त्याच्या आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, “एक पडला, दुसरा कायले जातो? आधी दोर ओढा!” आम्ही तोटी बंद केली. शेजारच्या शेतातील दोघे धावत आले. चौघांनी मिळून बंधूंस वर घेतले. त्या दोघांची जात वेगळी होती. आपल्या समाजाच्या या व्यासपीठावरून ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहो.

बंधूंस श्वास होता, शुद्ध नव्हती. दवाखान्यात प्राणवायू दिला, तेव्हा रात्री त्यांनी डोळे उघडले. आणखी काही मिनिटे गेली असती तर उपाय चालला नसता, असे डॉक्टरांनी सांगितले. ते वाचले, पुढे चोवीस वर्षे त्यांनी बाग सांभाळली. मात्र डोकेदुखी कित्येक महिने राहिली. त्या वर्षीच्या बहाराचे काय झाले, हे आम्हांस धड आठवतही नाही.

आता यात घडले काय, ते क्रमाने पाहू. इंजिन मिनिटास १५०० फेरे घेणारे, त्यावर चौदा इंची पुली, पंपावर सहा इंची. चौदास पंधराशेने गुणून सहाने भागा. उत्तर ३५०० येते. जुन्या इंजिनाचा हिशेब करा : चौदा गुणिले ६५०, भागिले सहा; सुमारे १५१७. म्हणजे जो पंप मिनिटास दीड हजार फेऱ्यांसाठी घडविलेला होता, त्यास आम्ही साडेतीन हजार फेरे घेण्यास लावीत होतो. सवादोनपटीहून अधिक वेग झाला, तर सवादोनपट पाणी मिळेल व सवादोनपट शक्ती लागेल, असे कोणासही वाटेल. तसे होत नाही. या जातीच्या पंपात पाणी वेगाच्या पटीत वाढते, पाणी चढविण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. तीन वेळा गुणाकार केला म्हणजे बारापटीहून अधिक शक्तीची मागणी झाली. पाच अश्वशक्तीचे इंजिन ती आणणार कोठून? ते दबले, फेरे कमी झाले, गव्हर्नरने अधिकाधिक डिझेल सोडले आणि ते डिझेल पुरते जळेना.

अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू अधिक प्रमाणात होतो. त्यास रंग नाही, वास नाही. काळा धूर दिसतो, पण मारणारा वायू दिसत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूस धरते. परंतु हा वायू त्यास दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेत असतो, आणि तरी शरीरास प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके जड होते, पाय लटके पडतात, झोप आल्यासारखे वाटते. आपण संकटात आहो हे ओळखणारी बुद्धीच आधी मंद होते. बंधूंनी आम्हांस हाताने ‘थांबा’ अशी खूण केली, ती याच अवस्थेत केली असावी. चुकीची पुली आणि न जोडलेला पाईप, या दोन चुका वेगवेगळ्या दिसतात; त्या दिवशी एकीने विष वाढविले व दुसरीने ते विहिरीत कोंडले.

पुढे २०१७ साली कन्येच्या घरी रत्नागिरीस जाण्याचा योग आला, तेव्हा मिरकरवाड्याच्या बंदरावर एक दृश्य पाहिले. पावसाळ्यातील मासेमारी बंदीचे दिवस होते. एका लाकडी नौकेच्या पोटातून तिचे इंजिन काढून घरचीच माणसे दुसरे बसवीत होती. आम्ही तेथे दोन तास उभे राहिलो आणि एका वृद्ध तांडेलास मनातील प्रश्न विचारले. जुन्या पंख्यावर नवे इंजिन चालेल काय, असे विचारता ते म्हणाले की, पंखा आणि गिअर इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळले नाहीत तर इंजिन काळा धूर ओकते. आम्ही चमकलो. नौकेचा पंखा आणि आमचा पंप ही सख्खी भावंडे निघाली. दोघेही पाणी ढकलतात, दोघांनाही वेग वाढला की घनाच्या पटीत शक्ती लागते. त्यांनी आणखीही सांगितले. जुन्यापेक्षा हलके इंजिन ठेवले तर नौकेचा तोल बदलतो, म्हणून वजनाचा हिशेब आधी करावा लागतो. इंजिनाचा दांडा व पंख्याचा दांडा एका रेषेत जुळविला, तरी नौका पाण्यात उतरल्यावर ती रेषा पुन्हा तपासतात. कारण जमिनीवर टेकलेली लाकडी नौका आणि पाण्यावर तरंगणारी नौका यांच्या अंगात सूतभर फरक पडतो. आणि नौकेच्या पोटात धूर कोंडू नये, याची ते सर्वांत अधिक काळजी घेतात.

१९१२ साली कोपनहेगन येथे बांधलेले ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज समुद्रपर्यटनास निघाले, तेव्हापासून जगभरच्या खलाशांनी हे शहाणपण जमविले आहे. आमची विहीर आणि त्यांच्या नौकेचे पोट, दोन्ही ठिकाणी वारा फिरत नाही. त्यांना ते ठाऊक होते. आम्हांस बंधूंच्या जिवावर बेतल्यानंतर कळले.

यावरून घरच्या घरी इंजिन बदलू नये, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या हातांनी यंत्र खोलणारा शेतकरी यंत्राचा धनी असतो. दर वेळी मिस्त्रीची वाट पाहणारा त्याचा ताबेदार होतो. फक्त पाने हातात घेण्यापूर्वी वही हातात घ्यावी. त्या वहीत कोणत्या नोंदी असाव्यात, ते सांगतो.

पहिली नोंद फेऱ्यांची. इंजिनाच्या व पंपाच्या पत्र्यावर मिनिटाचे फेरे कोरलेले असतात. इंजिनाचे फेरे गुणिले इंजिनाची पुली, बरोबर पंपाचे फेरे गुणिले पंपाची पुली. हे समीकरण जुळल्यावाचून पट्टा चढवू नये. आमच्या बाबतीत दोन्हीकडे सारखी पुली हवी होती. पुढे तशी बसविली आणि तेच इंजिन धूर न काढता पंधरा वर्षे चालले.

दुसरी नोंद फिरण्याच्या दिशेची. पंप उलटा फिरला तर पाणी पुरते फेकत नाही. सरळ पट्ट्याने दिशा तीच राहते, फुलीच्या पट्ट्याने उलटते.

तिसरी नोंद मापांची : दांड्याची जाडी, जमिनीपासून दांड्याची उंची, पायांच्या भोकांतील अंतरे, धुराच्या व पाण्याच्या पाईपांचे आटे. नवे इंजिन खरेदी करण्यापूर्वी ही मापे दुकानात न्यावी. पाया नवा करणे असल्यास फळीचा फर्मा करून बोल्ट त्यात अडकवावे व मगच काँक्रीट भरावे. त्यास पाणी मारून पुरेसे दिवस मुरू द्यावे. बागेस तहान लागली म्हणून कच्च्या पायावर इंजिन चालवू नये.

चौथी नोंद रेषेची. दोन पुल्यांच्या कडांस एक ताणलेली दोरी लावावी. ती चारही ठिकाणी टेकली तर पुल्या एका रेषेत आहेत. या कामास दोन पैशांची दोरी पुरते, आणि ते न केल्यास पट्टा उतरतो व बेअरिंग खाल्ले जाते.

पाचवी नोंद अंगाच्या सावधगिरीची. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिन उलट झटका देते तेव्हा विळखा घातलेला अंगठा मोडतो. पट्ट्यापाशी धोतराचा सोगा, उपरणे, पदर किंवा ओढणी मोकळी असू नये.

सहावी व शेवटची नोंद धुराची. ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिली तरी चालेल. विहिरीच्या आत डिझेलचे इंजिन ठेवूच नये. पाणी खोल असेल तर इंजिन काठावर ठेवून केवळ पंप खाली न्यावा, किंवा वीज असल्यास पाण्यातील मोटर घ्यावी. जेथे इंजिन चालले आहे अथवा नुकतेच बंद झाले आहे, अशा विहिरीत उतरू नये. पूर्वीचे लोक कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते. पण कार्बन मोनॉक्साइड असतानाही कंदील जळत राहू शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. खाली कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. विहिरीत एकामागून एक तिघे-चौघे जातात, ते या उडीमुळेच. इंजिन बंद करावे, दोर असेल तर ओढावे, माणसे गोळा करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कोणी म्हणेल, गुरुजी, आता बहुतेक विहिरींवर विजेची मोटर आहे, कोठे सौर पंपही आले, इंजिनाची गोष्ट जुनी झाली. अंशतः हे खरे आहे. परंतु वीज नसेल त्या वेळी चालविण्यासाठी डिझेलचे जनित्र अनेकांनी घेतले आहे आणि ते चोरीच्या भीतीने बंद खोलीत ठेवले जाते. विहिरीचा गाळ काढताना आजही इंजिन खाली सोडणारे आहेत. मोटर बदलतानाही फेऱ्यांचा व शक्तीचा हिशेब तोच आहे. यंत्राचे नाव बदलले तरी त्रैराशिक बदलत नाही.

आता समाजापुढे तीन सूचना ठेवतो. आपल्या निधीतून एक चेनपुली, एक तिकाटणे, एक पाणसळ आणि फेरे मोजण्याचे एक यंत्र घ्यावे. ते समाजभवनात ठेवावे आणि मागेल त्या शेतकऱ्यास, तो कोणत्याही जातीचा असो, नोंद करून द्यावे. दुसरी, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण करतो, तो अवश्य करावा, त्याबरोबर आय. टी. आय. शिकलेल्या व उत्तम यंत्रकाम करणाऱ्या तरुणांचाही याच व्यासपीठावर सत्कार व्हावा. हाताने काम करणाऱ्यास आपण ‘मिस्त्री’ म्हणून बाहेरच्या ओट्यावर बसवितो आणि मॅट्रिक झालेल्यास ‘गुरुजी’ म्हणून सतरंजीवर. आमच्या विहिरीवर त्या दिवशी खरा प्रश्न विचारला तो सालदाराने, खरी सावधगिरी बाळगली ती वहिनीने. आणि मॅट्रिक झालेला मनुष्य तोटीपाशी बसून होता. तिसरी सूचना मातांसाठी व भगिनींसाठी. शेतावर नवे यंत्र येईल तेव्हा ते कसे बंद करावे, हे घरातील प्रत्येक स्त्रीने प्रथम शिकून घ्यावे. सुरू करणारे पुष्कळ असतात. बंद करता येणारा मनुष्य ऐन वेळी जवळ हवा.

वहिनी आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि आज या सभेत मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची संमती घेऊनच ही हकिकत सांगितली. तो दोर त्यांनी अद्याप कोठीत जपून ठेवला आहे. बागेतील झाडे आम्ही दोन वेळा बदलली, इंजिन गेले, मोटर आली; दोर मात्र त्यांनी कोणास देऊ दिला नाही.